"तो बिचारा फक्त ॲक्टिंग करतो" म्हणे

गेल्या पंधरा दिवसांत तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आलंय. थोडक्यात असं, की जाहिरातीतला कलाकार स्क्रिप्ट वाचतो, पैसे घेतो, घरी जातो. त्याला औषधातलं काय कळतं, वस्तूला सरकारी परवाना आहे, त्याचंही पोट आहे, मग शुगर कमी करणाऱ्या पावडरीने गुण आला नाही तर त्याला शिव्या कशाला, घेणाऱ्याने आपलं डोकं वापरावं. खाली हात जोडलेले इमोजी आणि "पटलं तर पुढे पाठवा". मला पटलं नाही.

पहिलं ते ॲक्टिंगचं. सिरीयलमध्ये कोणी खून केला तर आपण पोलिसात जात नाही, कारण सिरीयल चालू आहे हे माहीत असतं. पण दुपारी टेलिशॉपिंगच्या अर्ध्या तासात तीच सिरीयलवाली बाई सोफ्यावर बसून "या पावडरीने माझ्या स्वतःच्या सासऱ्यांच्या शुगरच्या गोळ्या सुटल्या" म्हणते तेव्हा ती कुठलं पात्र करत असते? आमच्या आईने त्या पावडरीचे डबे मागवले वडिलांसाठी, एकावर दोन फ्री. मी विचारलं कोण गं ही, तर आईला तिचं खरं नावसुद्धा माहीत नाही, "अगं ती नाही का, सुनेची बाजू घेते ती, ती कशाला खोटं बोलेल". कंपनीने पैसे मोजले ते आईच्या या वाक्यासाठी. नुसती ॲक्टिंग हवी असती तर एकांकिका करणारं एखादं कॉलेजचं पोरगं हजार रुपयात आलं असतं की.

वडिलांनी तीन महिने डॉक्टरांच्या गोळ्या बंद ठेवल्या, आम्हाला न सांगता. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ७.२ होतं ते ९.८ झालं तेव्हा कळलं.

आता परवाना. मी तो डबा खिडकीत उजेडात धरून वाचला. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, १४ आकडी नंबर होता, म्हणजे कायद्याने ती पावडर खाण्याची वस्तू, औषध नव्हेच. असाच नंबर फरसाणाच्या पाकिटावरही असतो. खाण्याच्या वस्तूने रोग बरा होतो असा दावा करायलाच बंदी आहे. आणि खरी गंमत म्हणजे डब्यावर तसा दावा नव्हताच! डायबेटिस हा शब्द कुठेही नाही, उलट मुंगीएवढ्या अक्षरात "नॉट फॉर मेडिसिनल यूज" छापलेलं. म्हणजे जे वाक्य डब्यावर छापायची कंपनीची हिंमत नाही ते त्या बाईंच्या तोंडून वदवून घेतलं, आणि तुम्ही म्हणता दावा कंपनीचा, कलाकार बिचारा मधे आला. अहो, दावा फक्त त्यांच्याच तोंडी आहे, बाकी कुठे लेखी सापडतच नाही.

समजा आयुर्वेदिक औषधाचा परवाना असता, तरी १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे. त्याच्या यादीत ५४ गोष्टी आहेत, डायबेटिस, कॅन्सर, ब्लड प्रेशर, लठ्ठपणा, उंची वाढवणंसुद्धा, आणि यांवर इलाज म्हणून लोकांसाठी जाहिरातच करता येत नाही. भाषा अशी आहे की अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणीही कसलाही भाग घेऊ नये. कोणीही म्हणजे कोणीही.

"त्याला काय कळतं" याचं उत्तरही कायद्यात आहे. जुलै २०२० पासून नवीन ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला, त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतल्या चेहऱ्याला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, वर जाहिराती करायला आधी एक वर्ष आणि नंतर तीन वर्षांपर्यंत बंदी. सुटायची वाट एकच, मी दावा नीट तपासला होता हे दाखवा. म्हणजे "मला काय कळतं" म्हणून सुटका नाहीच. तुरुंग मात्र कंपनीवाल्यालाच, सेलिब्रिटीला नाही, तेव्हा फार रडू नका. मे २०२४ मध्ये पतंजलीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर तितकेच जबाबदार.

बरं ज्याला कळतं त्याचं काय? अमेरिकेतले डॉ. ओझ हे हार्ट सर्जन, टीव्हीवर तेव्हा स्वतःचा शो होता. २०१२ मध्ये त्यांनी वजन घटवायच्या ग्रीन कॉफीच्या कॅप्सूलना जादूची उपमा दिली आणि लोक तुटून पडले. आधार कसला, तर आपल्याकडे भारतात १६ लोकांवर झालेला प्रयोग, पैसे ग्रीन कॉफी विकणाऱ्या कंपनीचे. तो पेपर ऑक्टोबर २०१४ मध्ये मागे घेतला गेला आणि कंपनीने तडजोडीत ३५ लाख डॉलर भरले. त्याच वर्षी जूनमध्ये सिनेटच्या सुनावणीत ओझना झाडलं गेलं, तर त्यांनीही कबूल केलं की आपण सांगतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत. कंपन्यांकडून पैसे घेत नाही असं ते म्हणत होते, तेही धरून चालू. तरी माल खपला कोणाच्या शब्दावर?

एक मात्र मान्य. २०१५ ला मॅगीच्या वेळी बिहारमधल्या कोर्टाने अमिताभ, माधुरी, प्रीती झिंटा यांच्यावर गुन्हा नोंदवायला सांगितलं ते मलाही अती वाटलं होतं, पाकिटात शिसं किती हे कलाकाराला कसं कळणार? आणि पुढे मुंबई हायकोर्टाने मॅगीवरची बंदीच रद्द केली. पण "गोळ्या सुटल्या" हे वाक्य तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, कुठल्याही डॉक्टरला एक फोन केला असता तरी पुरे होता.

पोटापाण्याचं तर सोडाच. बॅडमिंटनपटू गोपीचंदने २००१ ला ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर कोलाची जाहिरात नाकारली, तेव्हा तो काही करोडपती नव्हता. अमिताभने २०२१ मध्ये पानमसाल्याच्या ब्रँडची जाहिरात सोडून पैसे परत केले, जाहिरात झाल्यावर का होईना.

राहिलं "घेणाऱ्याने डोकं वापरावं". आमची आई पालक निवडताना एकेक पान उलटून बघते, गॅस सिलिंडर वजन केल्याशिवाय घेत नाही, डोकं भरपूर आहे. पण पालक हातात घेता येतो हो. टीव्हीवरच्या बाईंच्या सासऱ्यांचा रिपोर्ट ती कुठे मागणार?

उरलेले दोन डबे फेकू नको म्हणून तिला सांगितलंय, लेबलचे फोटो काढायचेत, चॅनल, तारीख आणि वेळ तिने कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवलीये, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार आहोत. वडील म्हणतात, "त्या बाईचं नाव नका घालू, चांगली वाटते हो ती."