हैनानजवळची धडक: हद्दीचा वाद वेगळा, विमान उडवण्याची रीत वेगळी

दोन देशांची लष्करी विमानं समुद्रावर आमनेसामने आली की चर्चा लगेच एकाच प्रश्नावर येते: हद्द कुणाची? प्रश्न रास्त आहे. पण विमानं आदळतात ती नकाशामुळे नाही, चुकीच्या उड्डाणामुळे. १ एप्रिल २००१ ची चीनच्या हैनान बेटाजवळची घटना यासाठी बारकाईने बघायला हवी.

अमेरिकन नौदलाचं ईपी-३ई हे टेहळणी विमान जपानच्या ओकिनावातल्या कादेना तळावरून निघालं होतं, आत २४ जण. हैनान बेटापासून साधारण ११० किलोमीटरवर, २२ हजार फुटांवर ते उडत होतं. वेग १८० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. हैनानवरच्या लिंगशुई तळावरून दोन चिनी जे-८ लढाऊ विमानं आली. त्यातलं वांग वेई यांचं विमान दोनदा अगदी जवळ आलं आणि तिसऱ्यांदा आदळलं. त्याचे दोन तुकडे झाले. वांग वेई कधीच सापडले नाहीत.

आता यंत्रांकडे बघा. ईपी-३ला लांब, सरळ पंख आणि चार टर्बोप्रॉप (प्रोपेलर फिरवणारी) इंजिनं. १८० नॉटला ते निवांत उडतं. जे-८ आखूड त्रिकोणी पंखांचं, उंचावर ध्वनीच्या दुप्पट वेगाने धावायला घडवलेलं. इतक्या कमी वेगात अशा पंखाला उचल हवी तर नाक बरंच वर धरावं लागतं. नाक वर गेलं की हवेचा विरोध वाढतो, तो भरून काढायला जास्त जोर लागतो. म्हणजे वेग जितका कमी, तितकी ताकद जास्त, असा उलटा हिशोब सुरू होतो. वेग थोडा घसरला तर विमान आपोआप सावरत नाही, अजून घसरतं. वैमानिक थ्रॉटल पुढे देतो, पण जे-८च्या टर्बोजेट इंजिनाला जोर धरायला वेळ लागतो. जोर येतो तेव्हा विमान हवं त्यापेक्षा पुढे सरकलेलं असतं. त्यात कमी वेगात स्टिकला प्रतिसाद मंद, आणि मोठ्या विमानाच्या पंखाजवळ व प्रोपेलरच्या झोतात हवा गढुळलेली. अशा अवस्थेत काही फुटांवर टिकून राहणं निष्णात वैमानिकालाही कठीण. वांग वेई नवखे नव्हते, हे मुद्दाम लक्षात घ्यावं.

धडकेनंतर ईपी-३चं डावं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी झडप) आणि डावीकडचं बाहेरचं प्रोपेलर निकामी झालं, नाकावरचं रडारचं आवरण उडालं, केबिनमधला दाब गेला. विमान जवळजवळ उलटं झालं. पहिल्या ३० सेकंदांत ते ८ हजार फूट खाली कोसळलं, ताबा मिळेपर्यंत आणखी सुमारे ६ हजार फूट. वैमानिक शेन ऑसबॉर्न यांनी फ्लॅप (उतरताना पंखांवर उघडायच्या झडपा) न वापरता, वेगमापक बंद असताना, १७० नॉटच्या आसपास ते लिंगशुईलाच उतरवलं. मधल्या २६ मिनिटांत आतली माणसं गोपनीय उपकरणं फोडत होती.

चीनचं म्हणणं, ईपी-३ अचानक वळलं. अमेरिकेचं म्हणणं, ते ऑटोपायलटवर सरळ चाललं होतं. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे. समोरचा किंचित वळला तर धडक होईल इतक्या जवळ जो स्वतःहून जातो, जबाबदारी त्याची.

आणि योग्य रीत नव्हती असंही नाही. नागरी विमान कसं अडवावं हे आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाणाच्या शिकागो कराराच्या परिशिष्ट २ सोबतच्या मार्गदर्शनात दिलं आहे. मागून यावं, सहसा डावीकडे, किंचित वर आणि पुढे, समोरच्या वैमानिकाला दिसेल असं थांबावं, सुरुवातीला ३०० मीटरच्या आत जाऊ नये. निघताना उथळ उतार घेत हळूच बाजूला व्हावं. समोरचं विमान फार हळू असेल तर रेसट्रॅकसारख्या लांबट फेऱ्या मारत राहावं आणि प्रत्येक फेरीत पंख हलवून खूण करावी. हैनानच्या अडचणीला हेच उत्तर होतं. लष्करी विमानांना ते बंधनकारक नाही, पण भौतिकशास्त्र दोघांना सारखंच.

हद्दीचं बोलायचं तर सागरी कायद्याच्या करारानुसार प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैल, अनन्य आर्थिक क्षेत्र (जिथल्या साधनसंपत्तीवर किनारी देशाचा हक्क असतो) २०० सागरी मैलांपर्यंत. या २०० मैलांत परक्या लष्कराला किती मोकळीक, इथे मतभेद आहेत. अमेरिकेने करार मंजूरच केलेला नाही, तरी पूर्ण मोकळीक मानते. चीन मानत नाही. भारतानेही १९९५ मध्ये करार मंजूर करताना घोषित केलं की आपल्या क्षेत्रात संमतीशिवाय लष्करी सराव करण्याची मुभा करार देत नाही. म्हणून हैनानवर बोलताना आपण सरसकट अमेरिकेचा कायदेशीर युक्तिवाद उचलू नये. एप्रिल २०२१ मध्ये लक्षद्वीपच्या पश्चिमेला जॉन पॉल जोन्स ही अमेरिकन विनाशिका आपल्या क्षेत्रात परवानगीविना आली, तेव्हा भारताने राजनैतिक मार्गाने हरकत नोंदवली. हरकत अशीही घेता येते.

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिका-चीनने हवेतल्या गाठीभेटींसाठी नियम मान्य केले, पण ते बंधनकारक नाहीत आणि त्यात किमान अंतराचा आकडा नाही. समुद्रावरच्या अशा घटना टाळण्यासाठीच्या अमेरिका-सोव्हिएत यांच्या १९७२ च्या करारातही नव्हता. परिणाम दिसतोच. मे २०२२ मध्ये चिनी जे-१६ या लढाऊ विमानाने ऑस्ट्रेलियाच्या पी-८ या टेहळणी विमानासमोर ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या सोडल्या, काही इंजिनात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये चिनी लढाऊ विमान जे-११ अमेरिकेच्या आरसी-१३५ या टेहळणी विमानाच्या नाकापासून २० फुटांच्या आत आलं. मार्च २०२३ मध्ये काळ्या समुद्रावर रशियाच्या एसयू-२७ लढाऊ विमानांनी अमेरिकेच्या एमक्यू-९ ड्रोनवर इंधन ओतलं आणि एकाने त्याचं प्रोपेलर ठोकरलं. एमक्यू-९ला एकच इंजिन, प्रोपेलर शेपटीकडे. पातं वाकलं आणि ड्रोन समुद्रात उतरवावं लागलं.

गोव्यात नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर मार्च २०२२ पासून आपल्या पी-८आय विमानांचं स्क्वॉड्रन आहे. हीच जातकुळी, हेच काम. त्यामुळे भारताने अशा नियमांच्या वाटाघाटीत शिरलंच पाहिजे, आणि आग्रह ठोस हवा: अंतर मीटरमध्ये लिहा, वेगात मोठा फरक असेल तर सोबत उडण्याऐवजी फेऱ्या मारणं सक्तीचं करा, आणि समोरच्याच्या वाटेत इंधन, पट्ट्या, फ्लेअर (जळती नळकांडी) सोडण्यावर स्पष्ट बंदी घाला.