एम-वन न सुटलेल्या मुलांबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी शिक्षण सोडणाऱ्या मुलांवरचा, म्हणजे गळतीवरचा माझा लेख तुम्ही नीट वाचलात आणि न पटलेलं स्पष्ट लिहिलंत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की इंजिनिअरिंग सगळ्यांसाठी नसतं. ज्याला गणित झेपत नाही त्याने पहिल्याच वर्षी बाजूला व्हावं. १९७९ साली तुम्ही सरकारी कॉलेजातून सिव्हिल झालात, तेव्हा कुणी मुलांना हाताला धरून चालवत नव्हतं. आणि आजची कॉलेजं मुलं टिकवायच्या गोष्टी करतात ती फीसाठी.

फीच्या मुद्द्यावर माझं तुमच्याशी भांडण नाही. एनबीए ही संस्था इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मानांकन देते, आणि त्यात किती मुलं बॅकलॉगशिवाय, म्हणजे एकही विषय मागे न राहता, वेळेत पास झाली याला गुण असतात. तो आकडा चांगला दिसावा म्हणून टर्मवर्कला, म्हणजे कॉलेजातच तपासल्या जाणाऱ्या कामाला, सढळ हाताने मार्क वाटलेले मी पाहिलेत. ही मुलांची फसवणूक आहे. असली सूट मी मागतच नाहीये.

पण ‘झेपत नाही’ या शब्दावर मी अडले. हाच शब्द एका मुलाच्या तोंडून ऐकलाय.

एम-वनच्या, म्हणजे पहिल्या सत्रातल्या गणिताच्या, इन-सेमचे (सत्राच्या मधल्या परीक्षेचे) पेपर तपासत होते. ऑयलरच्या प्रमेयावरचा नेहमीचा प्रश्न. पहिल्या भागात एक्स आणि वायच्या फलनावरून उत्तर टॅन यू येतं हे दाखवायचं; पुढे ‘हेन्स’ असं लिहून दुसऱ्या क्रमाच्या डेरिव्हेटिव्हची राशी काढायची. पहिल्या भागाचं उत्तर हातात असलं की दुसरा भाग तीन ओळींत होतो, टॅनचा घन. या मुलाने पहिला भाग अचूक सोडवला होता आणि दुसऱ्यासाठी मूळ फलनापासून पुन्हा सगळी डेरिव्हेटिव्ह काढत बसला होता. अडीच पानं! शेवटच्या पानावर एक चिन्ह चुकलं आणि वेळ संपली. पुढचे दोन प्रश्न कोरे. तीसपैकी नऊ.

त्याला बोलावून विचारलं, ‘हेन्स’ म्हणजे काय रे? म्हणाला, “म्हणून ना, मॅडम?” अर्थ बरोबर होता. वरचं उत्तर जसंच्या तसं खाली वापरायची ती परवानगी असते, हे मात्र त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तोवर त्याने वर्गात यायचं बंद केलं होतं. रूमवरच्या पोरांना सांगून ठेवलं होतं की दिवाळीला गावी गेलो की परत येत नाही. “मला झेपत नाही मॅडम.”

अडीच पानं आंशिक डेरिव्हेटिव्ह न थकता काढणाऱ्या मुलाला गणित झेपत नाही, असं तुम्ही म्हणाल का, सर?

तुमच्या काळाबद्दल. खासगी विनाअनुदानित कॉलेजांना महाराष्ट्रात परवानगी मिळाली १९८३ साली, वसंतदादा पाटलांच्या कारकिर्दीत. त्याआधी कॉलेजं मोजकी, जागा मोजक्या. चाळणी दारातच लागायची. आता दार मोठं झालंय, घरातला पहिलाच इंजिनिअर होऊ पाहणारी मुलं आत येतात, आणि हे चांगलंच झालं असं मी मानते. पण त्यांच्या तयारीचा प्रकार वेगळा असतो. सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न, चार पर्याय, चुकलं तरी मार्क कापत नाहीत. दोन वर्षं योग्य पर्याय हेरायचा सराव केलेल्या मुलाला इथे एकदम एंड-सेमला, म्हणजे सत्राच्या शेवटी, सत्तर मार्कांच्या पेपरात पायरी पायरीने लिहायचं असतं. त्यात शेवटच्या फेरीतून प्रवेश मिळालेला मुलगा वर्गात येतो तेव्हा पहिलं युनिट उरकलेलं असतं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचं तर एम-वन, एम-टू झालेलंच नसतं. त्यांच्यासमोर थेट एम-थ्री आणि त्यातलं लाप्लाससारखं प्रकरण.

अमेरिकेत पहिल्याच दिवशी ‘डावीकडे बघा, उजवीकडे बघा, तिघांतला एकच शेवटपर्यंत राहील’ असं सांगतात, असं तुम्ही लिहिलंत. सांगायचे खरं. पण तिथल्याच दोन गोष्टी सांगते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात गणिताचे अभ्यासक युरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं आणि पुढे असणारी चिनी वंशाची मुलं अभ्यास कसा करतात, हे जवळून पाहिलं. पहिली मेहनती होती, पण एकेकटी अभ्यास करायची. दुसरी एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढायची. मग ट्राइसमन यांनी गटात बसून सोडवायचे वर्ग सुरू केले, आणि त्यात गणितं सोपी न देता जास्त अवघड दिली. मुलं वर आली.

दुसरी गोष्ट ओहायोतल्या राइट स्टेट विद्यापीठाची. तिथे २००४ पासून पहिल्या वर्षी इंजिनिअरिंगचेच प्राध्यापक, इंजिनिअरिंगला प्रत्यक्ष लागणारं गणित प्रयोगशाळेसह शिकवतात. कॅल्क्युलस रद्द केलं नाही. ते पूर्ण व्हायची वाट न पाहता मुलांना पुढचे विषय घेता येतात, एवढंच. तिथली गळती कमी झाली.

आमच्याकडे अभ्यासक्रम विद्यापीठाचा, त्याला मला हात लावता येत नाही. मी दोनच गोष्टी करते. तिसऱ्या आठवड्यात वीस मार्कांची चाचणी घेते आणि ज्याचा पेपर बिघडला त्याला शेजारी बसवून त्याच्यासमोरच तो तपासते. आणि शनिवारी दुपारी चार-चारच्या गटांत जुने विद्यापीठाचे पेपर सोडवून घेते. पास व्हायला चाळीस टक्के मार्क लागायचे, तेवढेच आजही लागतात. पेपर तपासणारेही बाहेरचेच.

सगळे टिकतात असं नाही. एका मुलीला शेतीतच रस होता. ती दुसऱ्या वर्षी कृषी महाविद्यालयात गेली, आणि जाताना आनंदात होती. तिला मी थांबवलं नाही. तुमचं ‘बाजूला व्हावं’ तिच्या बाबतीत खरं ठरलं, पण तिने निवड केली होती. दिवाळीची बॅग भरणाऱ्याने केली नव्हती. तो राहिला. इन-सेमचे मार्क गेले ते गेलेच, पण एंड-सेमला एम-वन सुटला.

सर, एक विनंती. तुम्ही बांधकामावर आयुष्य घालवलंत. मुलं मला दर वर्षी विचारतात की हे इंटिग्रेशन लागतं कुठे. लोडचं इंटिग्रेशन केलं की शिअर फोर्स (कापू पाहणारं बल), त्याचं केलं की बेंडिंग मोमेंट (वाकवू पाहणारा परिणाम), हे मी फळ्यावर सांगते. तुम्ही ते एखाद्या खऱ्या स्लॅबवर पाहिलंय. एखाद्या शनिवारी दुपारी दोनला याल का? तुमच्या जुन्या ड्रॉइंगपैकी एखादं घेऊन या.