कान टोचायला नोंदणी लागते, नखांना नाही

"तुमच्याकडे असलं काही चालत नसेल." हे वाक्य हल्ली मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता ते ऐकलं की संताप येतो. माझी एक मैत्रीण सांगलीत पार्लर चालवते. तिच्या ओळखीच्या पार्लरवाल्यांमध्ये सध्या एकाच विषयावर भांडण आहे. व्हिडिओ बघून शिकलेल्या मुली बॅगेत लॅम्प आणि चार बाटल्या टाकून घरोघरी जातात, निम्म्या दरात जेलची नखं लावून देतात आणि पार्लरचं गिऱ्हाईक तोडतात. यांच्यावर बंदी आणा, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणतो, गरिबाच्या लेकीच्या पोटावर पाय देऊ नका. हाताला गुण असला की झालं, सर्टिफिकेट काय चाटायचंय? मग दोन्ही गट माझ्याकडे वळतात, कारण मी इंग्लंडमध्ये हेच काम करते. बॅग घेऊन लोकांच्या घरी जाते आणि त्यांची नखं करते. पहिल्या गटाला माझ्याकडून एवढंच ऐकायचं असतं की इथे लायसन्स नसलेलीला कोणी दारात उभं करत नाही.

करतात. बिनदिक्कत करतात. इंग्लंडमध्ये नखांचं काम करायला देशभर लागू असलेलं एकही लायसन्स नाही. आज सकाळी कोणी ऑनलाइन किट मागवलं आणि संध्याकाळी शेजारणीच्या किचन टेबलावर काम सुरू केलं, तर तिला अडवणारा कायदा नाही. कान टोचायचे असतील, टॅटू काढायचा असेल, ॲक्युपंक्चर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेने कायमचे केस काढणं) करायचं असेल, तर १९८२च्या कायद्यानुसार कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, नोंदणी करावी लागते. २०२२च्या कायद्यात बोटॉक्स आणि फिलरसाठी लायसन्स आणण्याची तरतूद झाली. लंडनमध्ये १९९१च्या कायद्यामुळे मॅनिक्युअरसाठी परवाना घ्यावा लागतो खरा, पण तो मुळात जागेचा परवाना आहे. लंडनबाहेर, माझ्यासारखी गाडी घेऊन फिरणारी बाई कोणाच्याच वहीत नाही. अमेरिकेत मात्र जवळजवळ प्रत्येक राज्यात लायसन्स लागतं. मागे राहिलेल्या कनेटिकटनेही २०२१मध्ये ते सुरू केलं. तेव्हा "परदेशात" म्हणताना कुठला परदेश, ते आधी ठरवा.

मी राहते त्या कव्हेंट्रीत शाळेच्या गेटवर भेटणाऱ्या आयांमध्येच अशा किट मागवून काम करणाऱ्या दोन-तीन जणी आहेत. मी जेल मॅनिक्युअरचे ३५ पाउंड घेते, त्या १५ घेतात. हाफ-टर्मच्या, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीच्या, आधी आणि ख्रिसमस पार्टीच्या दिवसांत माझी ठरलेली गिऱ्हाइकं अचानक "या वेळी राहू दे" म्हणतात. मला कळतं ती कुठे गेलीत. याचा त्रास होतो, होत नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या ३५ पाउंडांत विमा आहे, पेट्रोल आहे, प्रत्येकीनंतर स्वच्छ केलेली अवजारं आहेत, एका माणसानंतर टाकून दिलेल्या नखं घासायच्या फाईल्स आहेत आणि कराचा भाग आहे. १५ पाउंडांत यातलं काय बसतं, याचा हिशेब गिऱ्हाइकाने एकदा तरी करावा.

पण सांगलीचं भांडण जसं गिऱ्हाइकावरून आणि दरावरून चाललंय, तसं मला ते चालवायचंच नाही. मुद्दा बाटलीत काय आहे त्याचा आहे, आणि त्यावर दोन्ही गटांत कोणी चकार शब्द काढत नाही.

जेल पॉलिश हा लॅम्पखाली सुकणारा रंग नव्हे. ते मेथॅक्रिलेट गटातलं रसायन असतं, आणि लॅम्पच्या प्रकाशात त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन प्लास्टिक तयार होतं. जोडणी पूर्ण झाली तर ते फार त्रास देत नाही. अर्धवट राहिली, तर वरून कडक आणि चकचकीत दिसणाऱ्या थराखाली कच्चं रसायन तसंच राहतं. एका कंपनीचं जेल आणि दुसऱ्याच कंपनीचा स्वस्त लॅम्प वापरला की हेच होतं, आणि डोळ्यांना ते अजिबात दिसत नाही. थर जाड लावला तरी तेच. जेल क्युटिकलवर, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर, सांडलं आणि न पुसता हात लॅम्पमध्ये घातला, तर ते कातडीवर बसतं. आज काही होत नाही, पुढच्या महिन्यातही होत नाही. मग एक दिवस बोटांची टोकं लाल होतात, खाजतात, फुटतात, नखं खालून सुटायला लागतात. कधीकधी पुरळ पापण्यांवर आणि मानेवर उठतं, कारण हात तिथे लागतो.

ही ॲलर्जी एकदा आली की सहसा जन्मभर सोबत राहते. त्यातून पुढे जे होऊ शकतं ते मी माझ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते. याच रसायनाचे भाऊबंद दातांच्या फिलिंगमध्ये असतात, सांधे बदलताना वापरल्या जाणाऱ्या बोन सिमेंटमध्ये असतात, मधुमेहींच्या दंडावर चिकटवायच्या ग्लुकोज सेन्सरच्या गोंदात असतात. पंचविशीत लग्नासाठी हौसेने लावलेली नखं साठीत गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी आड येऊ शकतात. इथल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, ब्रिटिश असोसिएशन ऑफ डर्मटॉलॉजिस्ट्सने, २०१८मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या तपासण्यांचा आढावा मांडला होता. तपासलेल्यांपैकी २.४ टक्के लोकांना या गटातल्या किमान एका रसायनाची ॲलर्जी निघाली. युरोपियन युनियनने २०२०मध्ये हेमा हे रसायन असलेल्या नखांच्या उत्पादनांवर 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' अशी सूचना बंधनकारक केली, आणि १ सप्टेंबर २०२५पासून जेल कडक व्हायला मदत करणारं टीपीओ हे द्रव्य वापरायला बंदी आणली. ब्रिटन आता युनियनमध्ये नाही, तरी मी त्याच दिवशी माझ्या बॅगेतल्या बाटल्या काढून बघितल्या. शिकलेल्या बाईला हे करायचं असतं हे माहीत असतं. व्हिडिओवाल्या मुलीला ते कोण सांगणार?

दुसऱ्या गटाच्या "हाताला गुण" या म्हणण्याला माझं उत्तर इथे आहे. लहानपणी आमच्या गल्लीत कासारीण यायची. ओट्यावर बसून आईच्या, काकूच्या हातात बांगड्या चढवायची. हात दाबून, हाडं वळवून, एक टवका न उडवता. तिच्याकडे कागद नव्हता आणि तिच्याइतकी शिकलेली बाई मी माझ्या धंद्यात क्वचित पाहिलीय. सासूकडून, आईकडून वर्षानुवर्षं ती ते काम शिकलेली असायची. तिला अडाणी म्हणणाऱ्याशी मी भांडेन. पण काचेची बांगडी फुटली तर रक्त त्याच क्षणी दिसतं आणि कासारीण थांबते. जेलचं नुकसान महिन्यांनी, वर्षांनी दिसतं, आणि तेव्हा ते कोणी केलं हे कोणाला आठवत नाही. म्हणून इथे नुसता हात पुरत नाही.

पहिल्या गटालाही मी सोडणार नाही. सर्टिफिकेट, सर्टिफिकेट करणाऱ्या त्या पार्लरवाल्यांच्या भिंतीवर काय लावलेलं असतं? दोन दिवसांच्या वर्कशॉपचा सोनेरी किनारीचा 'डिप्लोमा'. इंग्लंडमध्येही हा रोग आहेच. मी कॉलेजात जाऊन लेव्हल २ आणि मग लेव्हल ३, हे इथल्या व्यवसाय शिक्षणाचे टप्पे, पूर्ण केले. नखाची रचना, रोग कसे ओळखायचे, कुठल्या हाताला काम करायला नकार द्यायचा, हे सगळं त्यात होतं. माझ्या शेजारच्या रस्त्यावरची बाई एक दिवसाचा ऑनलाइन कोर्स करून तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'क्वालिफाइड' लिहिते, आणि काही विमा कंपन्या तिलाही विमा देतात. महाराष्ट्रात २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगार थोडे असले की नुसती सूचना दिली तरी पुरते. ज्याला आपण शॉप ॲक्ट म्हणून फ्रेम करून लावतो, त्या कागदाचा हातातल्या कौशल्याशी काही संबंध नाही. तो दाखवून घरी जाणाऱ्या मुलीला 'बेकायदा' म्हणणं मला पटत नाही.

एक फरक मात्र मी ठासून सांगते. इथलं गिऱ्हाईक विचारतं. केअर होममधल्या नव्वदीच्या आजीबाईंची मुलगी मला आत सोडण्याआधी विम्याचा कागद बघते, डीबीएस, म्हणजे माझ्यावर गुन्ह्याची नोंद आहे का याचा दाखला, बघते. सांगलीत माझ्या मैत्रिणीला इतक्या वर्षांत एकीनेही बाटलीचं नाव विचारलेलं नाही. "ताई, मस्त करा हं," एवढंच. कायदा दोन्हीकडे झोपलाय, पण इथे गिऱ्हाईक अर्धवट तरी जागं आहे. सांगलीच्या बाजूने हे मान्य करायला कोणी तयार होत नाही. मी बोलले की "तू आता तिकडची झालीस" हे ऐकावं लागतं.

मी तिकडची झाले का? इथल्या टेक्निशियनबायका चहाला जमल्या की त्याही अनक्वालिफाइड लोकांबद्दल बोलतात. पाच मिनिटांत बोलणं सर्टिफिकेटवरून सरकतं आणि "त्या लोकां"वर येतं. कोणाच्या दुकानात कुठल्या देशाच्या मुली बसतात, कोणाला नीट इंग्रजी येत नाही. मग कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणतं, "तू नाहीस हं त्यांच्यातली." का नाही? त्या दुकानांतल्या व्हिएतनामी मुलींपैकी काहींचा हात माझ्याहून चांगला आहे हे मी त्यांना सांगितलंय, आणि त्यानंतर टेबलावर पसरलेली शांतताही पाहिलीय.

भारतातून आणलेली माझी बी.कॉम.ची पदवी इथे कोणी हातात घेऊनही बघितली नाही. लेव्हल ३चा कागद हा या देशाने माझ्या नावावर मान्य केलेला पहिला कागद. तो मी प्लास्टिकमध्ये घालून बॅगेत ठेवते. नव्या गिऱ्हाइकाने दार उघडल्यावर माझं नाव, माझा रंग, माझा उच्चार यांवरून तिचा चेहरा क्षणभर बदलतो, तेव्हा मी तो काढते. शिक्षणाच्या बाजूने मी इतक्या तावातावाने बोलते त्यात सुरक्षिततेची काळजी आहे, आणि हेही आहे. मावशी आजही फोनवर विचारते, लोकांची नखं घासायला एवढ्या लांब गेलीस का गं? तिलाही तो कागद दाखवावासा वाटतो. तिच्यासाठी त्याची किंमत शून्य आहे.

म्हणून सांगलीच्या त्या बॅगवाल्या मुलींवर बंदी आणायला मी कधीही पाठिंबा देणार नाही. त्या माझ्याच जातकुळीच्या आहेत. मीही दाराबाहेर बॅग घेऊन उभी असते. मैत्रिणीला माझं सांगणं आहे की बंदी मागायची तर रसायनावर मागा. बाटलीवर 'व्यावसायिक वापरासाठी' असं मराठीत छापलेलं असावं आणि ती प्रशिक्षण नसलेल्याला विकता येऊ नये. आधीपासून काम करणाऱ्यांचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आहे. त्या मुलींना तिथे घेऊन जा. आणि तुमच्या पार्लरमधल्या, डिप्लोमा फ्रेम केलेल्या बायकांनाही त्याच रांगेत उभं करा, परीक्षा दोघींची एकच घ्या. दर त्यानंतर आपोआप जुळतील की नाही मला सांगता येत नाही, कव्हेंट्रीत तरी ते अजून जुळलेले नाहीत.