हवा संपली की हँडब्रेकही जातो? कोणी सांगितलं!

भाचा दहाचाकी चालवतो. परवा रात्री त्याने एक फॉरवर्ड पाठवला, खाली एकच ओळ: "मामा, खरं आहे का हे?" त्यात लिहिलेलं: ब्रेकच्या टाकीतली हवा संपली की ट्रकचा हँडब्रेकही जातो, चाकं जाम झाली तर मागच्या चेंबरचा क्लॅम्प खोलून गाडी काढा, आणि उतारावर इंजिन बंद केलं तरी ब्रेकला काही होत नाही.

क्लॅम्पचं आधी, कारण त्यात जीव जातो. चेंबर म्हणजे मागच्या चाकाशी जोडून बसवलेले दोन डबे, आणि क्लॅम्प म्हणजे त्यांचं झाकण धरून ठेवणारा पट्टा. एकात पायाच्या ब्रेकची हवा येते, दुसऱ्यात जाडजूड स्प्रिंग असते. हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते. हँडब्रेक लावला किंवा हवा गेली की स्प्रिंग सुटते, दांडा ढकलते आणि लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासपट्ट्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला चिकटतात. ती सुटल्यावरही डब्यात शेकडो किलोंचा जोर उरलेला असतो. आमच्या गॅरेजात एकदा गंजलेल्या डब्याचं झाकण सुटलं, ते छपराचा पत्रा फाडून गेलं. तिथे माणूस वाकलेला असता तर? चाकं जाम झाली तर स्प्रिंग मागे ओढायला डब्याच्या बाजूलाच लांब बोल्ट दिलेला असतो. तो मागच्या भोकातून घालून अडकवायचा आणि नट आवळायचा. त्याआधी चाकांना ठोकळे लावायचेच, कारण बोल्ट बसला की त्या चाकाचा हँडब्रेक संपला.

म्हणजे हवा गेली की हँडब्रेक जात नाही, उलट लागतो. अमेरिकेत जड वाहनाच्या लायसन्ससाठी जे सरकारी पुस्तक वाचावं लागतं, त्यात आकडाच दिलाय: हवेचा दाब 20 ते 45 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं माप) उतरला की स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हाच हँडब्रेक, आपोआप पूर्ण लागतात.

एक मान्य करतो. हा ब्रेक असूनही गाड्या सुटतात. स्प्रिंगलाही तेच लायनर, तोच ड्रम वापरावा लागतो. लायनर आणि ड्रममधलं अंतर नीट ठेवणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर ढिला असेल किंवा ड्रम तापून लाल झाला असेल तर स्प्रिंग तरी काय धरणार? अ‍ॅडजस्टमेंट बिघडली की दोन्ही ब्रेक नीट चालत नाहीत, हेही त्याच पुस्तकात आहे.

उतारावर इंजिन बंद करायचा सल्ला तर गुन्हाच. टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद, पाय सारखा ब्रेकवर, की टाकी रिकामी होत जाते आणि ड्रम तापत जातो. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्यात नवले पुलावर एका ट्रकने कित्येक गाड्या ठोकल्या, तेव्हा उतारावर इंजिन बंद केल्याचंच तपासात पुढे आलं होतं.

भाच्याला एवढंच कळवलं: नवले पुलाच्या उताराआधीचा कात्रजचा नवा बोगदा संपायच्या आत गिअर खाली घे, हवेच्या काट्यावर लक्ष ठेव, आणि तो फॉरवर्ड ज्याने पाठवला त्याला माझा नंबर दे.