आपल्या फरशीला नको असलेलं यंत्र, आणि ते नाशिकमध्येच का जमवावं

जुना उभा व्हॅक्यूम क्लीनर नाशिकच्या घरात फारसा कामाचा नाही, हे आधीच मान्य करून टाकू. खाली फिरता ब्रश, वर मोटर, मागे दांडा आणि दांड्याला लटकणारी कापडी पिशवी. हे यंत्र इंग्लंड-अमेरिकेतल्या गालिचे अंथरलेल्या घरांसाठी झालं. आपल्याकडे शहाबादी, कोटा, मोझॅक, नाहीतर व्हिट्रिफाइड; झाडू आणि ओलं फडकं पुरतं. आपल्याकडे दारोदार विकलं गेलं तेही पाइपवालं बुटकं मशीन. उभं इथे रुजलंच नाही.

तरीही जमवायचं तर उभंच जमवा. त्यात लपवलेलं काही नसतं. मोटर, पंखा, पट्टा, ब्रश, पिशवी, संपलं. 1908 साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या जेम्स मरे स्पॅंग्लर या सफाई कामगाराने पेटंट घेतलं, हूव्हर कुटुंबाने ते विकत घेतलं, 1926 मध्ये ब्रशच्या रुळावर गालिचा थोपटणाऱ्या पट्ट्या आल्या, 1936 मध्ये डिझायनर हेन्री ड्रायफसने 150 नंबरच्या मॉडेलला बॅकेलाइटचं (जुन्या कडक प्लॅस्टिकचं) झाकण चढवून रूप दिलं. पण आतली मांडणी अनेक दशकं तीच राहिली. कचरा आधी पंख्यातून जातो आणि मग पिशवीत. म्हणूनच आत गेलेला खडा किंवा नाणं थेट पंख्याच्या पात्यावर आदळतं. पातं कुठे टवकलं असेल तर यंत्र थरथरतं आणि ती थरथर बेअरिंग खाते. विकत घेताना पहिल्यांदा खालची प्लेट काढून पंखा बघा, रंग नंतर.

त्याहून आधी नावाची पट्टी वाचा. ब्रिटिश हूव्हर ज्युनियर बहुधा 220-240 व्होल्टची असते, आपल्या विजेवर थेट चालते. अमेरिकन कर्बी (ही दुसरी कंपनी) किंवा हूव्हर 110-120 व्होल्टची. ती सरळ प्लगमध्ये खुपसली की आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) गेलंच म्हणून समजा. 50 आणि 60 हर्ट्झची काळजी नको, कार्बनवाल्या (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे असलेल्या) युनिव्हर्सल मोटरला त्याने फरक पडत नाही. फरक व्होल्टेजचा. 600 वॅटच्या मशीनला किमान 1000 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर घ्या. चालू होताना मोटर बराच जास्त करंट ओढते, बेताचा ट्रान्सफॉर्मर तापतो.

घरी आणल्यावर "चालतंय का बघू" हा मोह टाळा. जुन्या वायरचं रबर कडक होऊन तडकतं, वाकवलं की आत उघडी तार दिसते. तीन कोअरची 0.75 चौरस मिलिमीटरची नवी केबल टाका. अमेरिकन मशीनला बहुधा दोनच तारा असतात. यंत्राचं अंग धातूचं असेल तर अर्थिंग द्या, आणि ते रंगावर नव्हे, रंग खरवडून उघड्या धातूवर स्क्रूने आवळा. रेडिओतली खरखर थांबवायला काही मशीनमध्ये कंडेन्सर असतो. इतक्या वर्षांनी तो गळतो आणि अंगाला झिणझिण्या येतात. तोही बदला. लाइन आणि न्यूट्रलमधला असेल तर एक्स-2 दर्जाचा 0.1 मायक्रोफॅरड चालतो. लाइनमधून अंगाकडे जाणारा असेल तर काढून टाकलेलाच बरा.

मग सिरीज बोर्ड, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब ओळीने जोडलेला तपासणीचा बोर्ड. 100 वॅटचा जुना तारेचाच बल्ब लागतो, एलईडी लावून चालत नाही. एक टोक मोटरच्या तारेला, दुसरं अंगाला. बल्ब मंदसुद्धा पेटला तर वाइंडिंग अंगाला लागलंय. पावसाळ्यात बंद खोलीत पडून राहिलेल्या मोटरीत कधीकधी नुसती ओल असते. 60 वॅटच्या बल्बसोबत एक दिवस पेटीत ठेवा आणि 500 व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने) पुन्हा बघा. एक मेगओहमच्या खाली असेल तर चालू करू नका, रिवायंडिंगवाल्याकडे न्या.

आणि इथेच नाशिकचा फायदा दिसतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे मोटर बांधणारे आणि बेअरिंग विकणारे शहरात सहज सापडतात. नंबर वाचता येत नसेल तर बेअरिंगच घेऊन जा. 8 मिमी भोक, 22 बाहेरचा व्यास आणि 7 जाडी म्हणजे 608 नंबरचं, ते कुठेही मिळतं. जुन्या ब्रिटिश-अमेरिकन यंत्रांत इंचाच्या मापाचीही असू शकतात. तिथे "चालवून घेऊ" म्हणून जवळच्या मिलिमीटरचं ठोकू नका, शाफ्टची वाट लागेल. पंख्याच्या नटाचे आटे काही मॉडेलमध्ये उलटे असतात. जोर लावण्याआधी एकदा दुसऱ्या बाजूने फिरवून बघा.

कार्बन 6-7 मिलिमीटरपेक्षा आखूड झाले की बदलायचे. नेमकं माप मिळालं नाही तर थोडा मोठा घ्या आणि घासून बसवा, पण होल्डरमध्ये तो मोकळा सरकला पाहिजे. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतो ती तांब्याच्या पट्ट्यांची गोल कडी) काळा पडला असेल तर बारीक सँडपेपर चालेल. एमरी नको, त्याचे कण फटीत बसतात आणि ठिणग्या वाढतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या खाली असला पाहिजे. वर आला असेल तर कार्बन उड्या मारतो.

पट्टा ही सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात छळणारी गोष्ट. मोटरचा शाफ्ट आणि ब्रश काटकोनात असतील तर पट्ट्याला पाव पीळ पडतो. पीळ उलटा दिला की ब्रश उलटा फिरतो आणि कचरा आत जाण्याऐवजी पुढे उडतो. बऱ्याच मशीनवर बाण असतो, तो बघा. जळक्या रबराचा वास आला की आधी ब्रशला गुंडाळलेले केस आणि दोरे कापा. मोटर बिचारी बहुधा निर्दोष असते.

चकाकीचं वेड असेल तर भांडी बाजाराच्या आसपास बफ मारणारे शोधा. कर्बीचं अ‍ॅल्युमिनियम भांड्यासारखंच उजळतं. कॉस्टिक सोडा मात्र लावू देऊ नका, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. मॅग्नेशियमचं अंग असलेल्या मॉडेलला तर बफच नको, त्याची धूळ पेट घेते. आमच्या मते मूळ रंग टवकलेला असला तरी ठेवावा. नवा स्प्रे मारलेलं मशीन खेळण्यातल्यासारखं दिसतं. पिशवी फाटली असेल तर दाट विणीचं ड्रिल कापड घेऊन शिंप्याकडून जुन्या मापाने शिवून घ्या. सैल विणीतून बारीक धूळ थेट चालवणाऱ्याच्या नाकात जाते.

ठेवताना पट्टा काढून ठेवा, ताणलेला राहिला की सैल पडतो. पिशवी रिकामी करून, दांडा उभा करून, पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी पाच मिनिटं चालवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दव धरतं.