कोल्हापुरात कोल्हापुरी चालत नाही

आठ दिवस झाले, उजव्या टाचेवरचा फोड अजून ओला आहे. म्हणूनच हे आत्ता लिहून टाकतो. फोड वाळला की माणूस माफ करतो, आणि मला एवढ्यात माफ करायचं नाही.

मुलगा पुण्यात असतो. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून त्यानं 'दोन रात्री, एक दिवस गोल्फ, नाश्त्यासह' असं बुकिंग पाठवलं. पन्हाळ्याच्या रस्त्याला आत वळून संस्थानी काळातला एक बंगला आहे, त्याचं आता हॉटेल झालंय. सागवानी जिना, उंच छत, भिंतींवर शिकारीचे फोटो. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायचे. तसला एक चित्ता, डोळ्यांवरची टोपी नुकतीच काढलेला, रात्रभर आमच्या पलंगाकडे बघत होता. जेवणात पांढरा रस्सा आला तो औषध घ्यायच्या मापाच्या काचेच्या पेल्यात, वर कोथिंबिरीचं एक पान. दुसरा मागितला तर पोरगं म्हणालं, "सर, ते स्टार्टर आहे." असो.

सकाळी हिरवळीवर गेलो. ही म्हणाली, "मी नाही येत जा, मी हितंच चहा पीत बसतो." आमच्याकडं बायका अशाच बोलतात, पुण्याच्या सुनेला अजून त्याचं हसू येतं. मी एकटाच पुढं झालो. तिथं ब्लेझर घातलेला, आमच्या मुलाहून लहान असा एक पोरगा उभा होता. त्यानं माझ्या कॉलरकडं बघितलं, समाधान झालं. मग नजर खाली घसरली आणि पायांशी अडकली.

"सर, फुटवेअर."

"काय झालं?"

"सर, कोर्सवर चप्पल अलाउड नाही."

"ही चप्पल नाही, कोल्हापुरी आहे."

"सर, तेच."

तेच! चप्पल लाईनला तीन दुकानं पालथी घालून घेतलेली कापशी. पहिला महिना पाय सोलून घेतला, तेल पाजलं, तेव्हा कुठं ती करकर वाजायला लागली. 2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तिकडच्या एका बड्या कंपनीनं हुबेहूब तसल्याच चपला घालून पोरं चालवली, आणि आपल्याकडं आरडाओरडा झाल्यावर ही कला मूळची भारतातली, असं कबूल केलं. म्हणजे मिलानला चालते. कोल्हापूरपासून अर्ध्या तासावरच्या गवतावर चालत नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सर, शूज रेंटवर मिळतील." माझा पाय सातचा. बूट नऊचे होते. भाडं सहाशे.

त्या बुटांत खडखडत मी पहिल्या खड्ड्याच्या दिशेनं काठी उगारली, तेव्हा मागून आवाज आला, "कमरंतनं वाका."

बघतो तर पाण्याची पाईप हातात धरून एक म्हातारे माळीमामा उभे. कान दोन्ही चुरगळलेले, म्हणजे तरुणपणी लाल माती खाल्लेला माणूस. मी काठी फिरवली. बॉल होता तिथंच होता.

"एक," मामा म्हणाले.

"मामा, लागला कुठं बॉलला?"

"हवेत गेली तरी मोजत्यात. मारायच्या इराद्यानं फिरवली का न्हाई? मग एक."

"सराव करत होतो."

"सराव करतोय म्हणून आधी सांगायचं. हुकल्यावर सगळीच सराव करत असत्यात."

नंतर मी नियम तपासला. मामा बरोबर होते, हेच जास्त लागलं. दुसरा टोला लागला, पण उजवीकडं, कुंपणाच्या पलीकडं उसात.

"त्यो गेला. एक दंड, आन पुन्हा हितनंच."

"शोधूया की."

"शोधा. तीन मिनटं. आदी पाच हुती, आता कमी केल्यात." मामांनी खिशातनं मोबाईल काढून खरोखर वेळ लावली. "पर त्यो ऊस मेव्हण्याचा हाय. आत घोणस असती."

मी शोधला नाही.

"मामा, हा खेळ नेमका कुणाशी असतो?"

"एकट्याचा एकट्याशीच म्हणायचा."

"मग आत्ता हरतंय कोण?"

मामांनी पाईप दुसऱ्या हातात घेतली, माझ्याकडं वरपासून बुटापर्यंत बघितलं. "ते तुमी बगा."

इथं एक सांगायलाच हवं. आमच्या गावात खेळ म्हणजे आवाज. खासबागेत कुस्ती लागली की हलगी कडाडते. पेठांचा फुटबॉल असला की शाहू स्टेडियमवर रेफरीच्या सात पिढ्यांची विचारपूस होते. आणि इथं त्या ब्लेझरवाल्यानं मामांना लांबून बोट ओठांवर ठेवून दाखवलं, कारण मी टोला मारताना ते खोकले. 1457 साली स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजानं गोल्फवर बंदी घातली होती. लोक तिरंदाजीचा सराव सोडून हेच करत बसायला लागले म्हणून. या राजाविषयी माझं मत फार चांगलं आहे.

खड्ड्याचं तोंड सव्वाचार इंच. बॉल पावणेदोन इंचाहूनही लहान. म्हणजे आत जायला मुबलक जागा. तरी शेवटच्या दोन हातांत मी सहा टोले खाल्ले. चार टोल्यांचा खड्डा सतरात संपला, आणि उसात एकूण चार बॉल गेले.

मामा खड्ड्यातनं बॉल काढून द्यायला पुढं आले, तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. अनवाणी! भेगाळलेल्या टाचा, बोटांत ओली माती.

"मामा, तुम्हाला कसं चालतं?"

"मी कुटं खेळतोय? पाटं हितनं अनवाणीच फिरावं लागतंय. खडा पायालाच कळतोय, बुटाला न्हाई."

परतलो तर माझी कापशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, वर चिठ्ठी लावून काउंटरवर ठेवली होती, एखाद्या अपघातातल्या माणसाचं सामान ठेवतात तशी. आणि काउंटरच्या शेजारीच काचेचं कपाट. आत मखमलीवर, दिव्याखाली, कोल्हापुरीचा जोड. साडेचार हजार. मी काचेला नाक लावलं तशी ही म्हणाली, "बघू नका. चला."

बिलात बुटाचं भाडं सहाशे होतं. त्याखाली 'लॉस्ट बॉल, चार नग, हजार रुपये'. मी भांडलो. नियमात आहे म्हणाले.

फाटकाशी मामा होते. त्यांना बिल दाखवलं. ते हसले. म्हणाले, गेल्या तोडीला मेव्हण्याच्या उसात कोयत्याला टणाटण लागून साठेक बॉल निघाले, हॉटेलनं दहा रुपयाला एक परत घेतला.

तोड दिवाळीनंतर आहे. मी जाणार आहे. चार बॉल माझे आहेत, आणि पावती मी जपून ठेवली आहे.