स्नोड्रॉप बर्फ वितळवत नाही

दर हिवाळ्यात एक फोटो फिरायला लागतो. बर्फात मान खाली घालून उभं असलेलं पांढरंशुभ्र फूल, देठाभोवती बर्फ वितळून पडलेला वाटोळा खळगा, आणि खाली मजकूर: ‘हे स्नोड्रॉप, इंग्लंडचं मूळचं रानफूल. अंगातल्या उष्णतेनं बर्फ वितळवून वर येतं. तेव्हा मधमाशा नसतात, म्हणून याला परागीभवन लागतच नाही. याचा कंद खाल्ला की अल्झायमर बरा होतो.’ मला हा निरोप यंदा तीनदा आला. फोटो खरा वाटतो. मजकुराचं तसं म्हणता येत नाही.

सगळ्यांना भुरळ घालते ती उष्णतेची गोष्ट, म्हणून आधी तीच. पुरावा म्हणून त्या खळग्याकडे बोट दाखवलं जातं. पण बर्फात एखादी वाळकी काडी उभी असली तरी उन्हाच्या दिवशी तिच्याभोवती असाच खळगा पडतो. दगडाभोवती पडतो, झाडाच्या बुंध्याभोवतीही पडतो. बर्फ बहुतेक ऊन परतवून लावतो. गडद वस्तू ते शोषते, तापते आणि शेजारच्या बर्फाला ऊब देते. स्नोड्रॉपची हिरवी पानं हेच करतात. मेलेल्या काडीच्या अंगात कसली आलीय उष्णता?

शिवाय फूल बर्फ फोडून वर आलं, हे तरी कुठे दिसतं? पुष्कळदा ते आधीच उमललेलं असतं आणि बर्फ नंतर त्याच्यावर पडतो. याची कळी आदल्या वर्षीच कंदात तयार असते, कोंब जमिनीच्या तोंडाशी येऊन थांबलेला असतो. पानांची टोकं टणक असतात, कळीवर पातळ आवरण असतं. गोठलेल्या मातीतून वाट काढायला एवढी सामग्री पुरते.

कडाक्याची थंडी पडली की हे झाड काय करतं, ते या निरोपात कधीच नसतं. ते चक्क आडवं पडतं. पेशींतलं पाणी बाहेरच्या फटींत येऊन तिथे गोठतं, पेशी ढिल्या पडतात आणि पानं-देठ उकडलेल्या पालेभाजीसारखे जमिनीवर लोळतात. बघणाऱ्याला वाटतं, गेलं हे. दुपारी ऊन आलं की पाणी पेशींत परततं आणि झाड पुन्हा उभं राहतं. अंगात शेकोटी असती, तर रोज असं लोळायची वेळ आली नसती.

खरंच उष्णता निर्माण करणारी फुलंही आहेत. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या दलदलीत स्कंक कॅबेज नावाची वनस्पती उगवते, सुरणाच्या कुळातली. 1974 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉजर नटसन यांनी दाखवलं, की तिचा फुलोरा भोवतालच्या हवेपेक्षा 15 ते 35 अंश सेल्सियस जास्त गरम राहतो, तोही किमान दोन आठवडे. जमिनीतल्या जाड खोडात साठवलेला स्टार्च जाळून ती हे करते. ‘बर्फ वितळवणारं फूल’ हे बिरुद तिचं. आणि दुसरं उदाहरण म्हणजे आपलं कमळ! हवा 10 अंशांपर्यंत उतरली तरी उमलतं कमळ आतून 30 अंशांच्या वर राहू शकतं. कवींनी शीतलतेसाठी निवडलेलं फूल आतून असं ऊबदार निघावं, ही मला तरी मोठी गंमत वाटते.

परागीभवन लागत नाही म्हणे. मग फुलाची ही रचना कशासाठी? बाहेर तीन मोठ्या पाकळ्या, आत तीन आखूड. आतल्या प्रत्येकीच्या टोकाला खाच आणि खाचेभोवती हिरवी खूण. मध्ये पिवळसर परागकोशांचा शंकू. त्यांची तोंडं टोकाशी उघडतात, माशीचा धक्का बसला की पराग खाली झरतात. मान खाली असल्यामुळे ते पावसात भिजत नाहीत. हवा साधारण 10 अंशांच्या वर गेली की बाहेरच्या पाकळ्या फाकतात आणि त्याच सुमाराला मधमाशाही बाहेर पडतात. एवढं मात्र खरं, की थंडी लांबली तर बी कमी धरतं. मग कंदाला कंद फुटून वाढ होते. जे बी धरतं त्यावर मुंग्यांसाठी स्निग्ध खाऊ असतो. त्या तो ओढून नेतात, बी आपसूक दूर पोचतं.

इंग्लंडचं मूळचं? नाही. मूळ मुलूख युरोप खंडातला, फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज पर्वतापासून युक्रेनपर्यंत. इंग्लंडात ते बागेतून रानात गेलं.

आता कंद. हा दावा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. गॅलँटामिन हे औषध या फुलाच्या गोतावळ्यातून सापडलं हे खरं. 1950 च्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन संशोधकांनी त्यावर काम केलं, आणि 2001 मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी त्याला मान्यता मिळाली. पण ते आजार बरा करत नाही, सौम्य ते मध्यम अवस्थेत लक्षणांना थोडा आधार देतं. कंदात त्याच्याबरोबर लायकोरिनसारखी विषारी द्रव्यंही असतात. खाल्ला तर उलट्या, जुलाब, पोटात कळा. दिसायला हा कंद छोट्या कांद्यासारखा, आणि हल्लीच्या वर्गीकरणात कांदा-लसूणही याच कुळात. त्यामुळे ‘कांद्याचाच भाऊ, खाऊन बघू’ असं कुणाला वाटू शकतं. गोळीत औषध मिलिग्रॅममध्ये मोजलेलं असतं. कंदाच्या फोडीत किती आहे हे स्वयंपाकघरात कोण मोजणार? आणि आजचं गॅलँटामिन बरंचसं डॅफोडिल या दुसऱ्याच फुलझाडाच्या कंदातून काढतात किंवा कारखान्यात तयार करतात. फोटोतल्या फुलाचा त्यात हातही नसतो.